जुन्या जावा-येझदीचा जीर्णोद्धार आणि तिचा पहिला लांबचा प्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे नेमक्या कोणत्या गाडीविषयी लिहिले आहे?

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार झालेल्या २५० सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक गाड्यांविषयी. चेकोस्लोव्हाकियात यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची आद्याक्षरे जोडून १९२९ मध्ये ‘जावा’ हे नाव तयार झाले. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी त्या कंपनीच्या परवान्यावर १९६१ मध्ये म्हैसूरला उत्पादन सुरू केले. सत्तरच्या दशकात जावा हे नाव मागे पडून टाकीवर ‘येझदी’ आले, १९७८ पासून रोडकिंग हे मॉडेल निघू लागले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. २०१८ नंतर बाजारात आलेल्या नव्या जावा आणि २०२२ नंतरच्या नव्या येझदी या फोर-स्ट्रोक गाड्या आहेत. त्यांचे जुन्या गाड्यांशी नाते नावापुरते असल्यामुळे पुढील मजकूर त्यांना लागू होत नाही.

उत्तरे लिहिताना माझ्यासमोर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची एक मरून जावा आहे. ती मी पुण्यात दुरुस्त करून पुन्हा चालती केली आणि पहिल्या लांबच्या प्रवासाला महाबळेश्वरला नेली. रोडकिंगच्या बाबतीत चाकांचा आकार, कार्ब्युरेटर आणि काही मोजमापे वेगळी असतात, पण विचार तोच राहतो.

गाडी विकत घेताना आधी काय पाहावे, इंजिन की कागदपत्रे?

कागदपत्रे. इंजिन कितीही बिघडलेले असले तरी दुरुस्त होते, पण ज्या गाडीचा मूळ मालक सापडत नाही ती गाडी शोभेची वस्तू होऊन बसते. चेसिस नंबर हँडलखाली फ्रेमच्या मानेवर आणि इंजिन नंबर क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या बंद पेटीवर) ठोकलेला असतो. हे दोन्ही आरसी बुकातील नोंदीशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. या गाड्यांमध्ये एकमेकींची इंजिने सहज बसत असल्याने गेल्या पन्नास वर्षांत कोणीतरी इंजिन बदललेले असण्याची शक्यता बरीच असते. तसे असेल आणि त्याची नोंद आरसीवर नसेल, तर तो व्यवहार स्वस्तात मिळाला तरी महागात पडतो.

विकणारा माणूस स्वतः नोंदणीकृत मालक आहे का, हा दुसरा प्रश्न. असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर काम होते. मालक हयात नसेल तर वारसांना फॉर्म ३१ भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते. ‘वडिलांची गाडी आहे, सही मी करतो’ या शब्दावर पैसे देऊ नयेत. तीन अक्षरे आणि चार आकडे अशा जुन्या मालिकेतील नंबरांची नोंद अनेकदा परिवहन कार्यालयाच्या रजिस्टरात हाताने लिहिलेली असते आणि ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत दिसतच नाही. ती बॅकलॉग नोंद म्हणून चढवून घेतल्याशिवाय नूतनीकरण, विमा किंवा नवी सुरक्षा नंबरप्लेट यांपैकी कोणतेच काम पुढे सरकत नाही. माझ्या गाडीच्या बाबतीत इंजिन बांधून झाले तरी ही नोंद व्हायची होती. म्हणून गाडी उघडण्याआधी अर्ज करावा, म्हणजे दोन्ही कामे बरोबरीने चालतात.

पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज नंबर घ्यावा का?

लांबचा प्रवास करण्याचा विचार असेल तर घाईने घेऊ नये. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि चेसिस, बॉडी वा इंजिनमध्ये मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरते. तिच्या नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये पडतात आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. यातील कळीची अट अशी की असे वाहन नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी ते बाहेर काढता येते.

ज्याला रविवारी सकाळी उठून वाईला मिसळ खायला जायचे आहे, त्याने गाडीची साधी नोंदणीच जिवंत ठेवलेली बरी. खासगी वाहनाची मूळ नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी तपासणीला दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. त्याबरोबर पर्यावरण कर, पीयूसी आणि किमान तृतीय पक्ष विमा हवाच. नूतनीकरणाचे शुल्क २०२२ पासून चांगलेच वाढले आहे, तरीही माझा कौल याच बाजूने आहे. आधीच नोंदणी असलेल्या गाडीचा जुना नंबर राखता येतो, आणि तो नंबर हासुद्धा त्या गाडीचा मूळ भाग आहे, असे मी मानतो.

गाडी घरी आली. पहिले काम कोणते?

हातात पाना घेण्याआधी छायाचित्रे काढावीत. केबल कोणत्या बाजूने वळते, कोणत्या नटाखाली वॉशर आहे, वायर कोणत्या छिद्रातून आत जाते, हे सगळे तीन महिन्यांनी आठवत नाही. आपल्या स्मरणशक्तीवर विश्वास ठेवणाऱ्याच्या हाती शेवटी मूठभर नटबोल्ट उरतात. प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावावी. भंगारात टाकण्यासारखा वाटणारा भागही गाडी पूर्ण होईपर्यंत टाकू नये, कारण नवा आणलेला भाग बसला नाही तर तुलनेला जुना लागतो.

बहुतेक जण सुरुवात रंगापासून करतात, आणि माझ्या मते अर्धवट राहिलेल्या कामांचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. टाकी चकचकीत होऊन येते, उत्साह आणि पैसे दोन्ही तिथेच संपतात, आणि इंजिन पोत्यात तसेच पडून राहते. आधी इंजिन, मग ब्रेक आणि चाके, मग वायरिंग, आणि सर्वांत शेवटी रंग व क्रोम, हा क्रम मी कोणालाही सांगेन. जमल्यास बिनरंगाची गाडी काही किलोमीटर चालवून बघावी. चाचणीत काही निघाले तर इंजिन पुन्हा उतरवावे लागते, आणि त्या वेळी नव्या रंगावर पाना घसरला की होणारे दुःख मी अनुभवलेले आहे.

इंजिन चालू होत असेल तरी ते पूर्ण उघडावे लागते का?

होय, लांब जायचे असेल तर उघडावेच. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये शिरते आणि तेथून दाबाने सिलिंडरमध्ये जाते. त्यामुळे क्रँककेस हवाबंद असणे हा या इंजिनाचा प्राण आहे. ही हवाबंदी क्रँकच्या (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने गोल फिरणाऱ्या शाफ्टच्या) दोन टोकांवरच्या ऑइल सील राखतात. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत या सील वाळून कडक होतात, गाडी सुरू होते, गल्लीत फिरतेही, पण दोष लांबच्या रस्त्यावरच उघड होतो.

कोणत्या बाजूची सील गेली आहे, हे गाडी स्वतःच सांगते. डाव्या बाजूला प्रायमरी चेन आणि क्लच तेलात फिरत असतात. त्या बाजूची सील गेली तर इंजिन ते तेल ओढून जाळू लागते, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइल कारण नसताना कमी होत जाते. उजव्या बाजूला डायनामो असतो आणि तेथे तेल नसते. ती सील गेली तर इंजिन बाहेरची हवा ओढते, मिश्रण पातळ होते (म्हणजे त्यात हवा जास्त आणि पेट्रोल कमी), अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा वेग लवकर उतरत नाही, आणि तापमान वाढत जाऊन पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. पहिला दोष डोळ्यांना दिसतो म्हणून लोक त्याला घाबरतात, पण इंजिनाला मारतो तो दुसरा. क्रँककेस उघडलीच आहे तर सीलबरोबर क्रँकची बेअरिंगही बदलावीत.

क्रँकचे काम मात्र ज्याच्याकडे प्रेस आणि डायल गेज आहे अशाच ठिकाणी द्यावे. बिग एंड (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणारे बेअरिंग) बदलताना क्रँकच्या दोन चकत्या वेगळ्या करून पुन्हा दाबून बसवाव्या लागतात, आणि दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत आले नाहीत तर इंजिन थरथरते व नवी बेअरिंग लवकर जातात. माझा क्रँक एका लेथवाल्याने हातोडीने ‘सरळ’ करून दिला होता. गाडी ताशी ४५ किमीच्या पुढे गेली की हँडल धरवत नसे. सगळे पुन्हा उघडून दुसरीकडून गेज लावून घेतले तेव्हा तो दोष गेला. पहिल्या वेळी समोर उभे राहून मोजणी मागितली असती तर एक महिना वाचला असता.

बोअर आणि पिस्टनच्या बाबतीत काय काळजी घ्यावी?

मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी आहे. मोठ्या मापाचे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मिळतात. आधी पिस्टन विकत घ्यावा, तो लेथवाल्याच्या हातात द्यावा आणि त्याच पिस्टनच्या मापाने बोअर करायला सांगावे, कारण एकाच मापाचा शिक्का असलेले दोन पिस्टन प्रत्यक्षात किंचित वेगळे निघू शकतात. बोअर झाल्यावर सिलिंडरमधील पोर्टच्या (वायू आत-बाहेर जाण्याच्या छिद्रांच्या) कडा हलक्या हाताने मोडून घेतल्या नाहीत तर रिंगा त्यांना अडकून तुटतात. घट्ट बोअर हे चांगल्या कामाचे लक्षण आहे, असा एक गैरसमज जुन्या मिस्त्रींमध्येही आढळतो. हवेवर थंड होणाऱ्या ओतीव लोखंडी सिलिंडरमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन अधिक फुगतो, त्याला जागा ठेवली नाही तर तो पहिल्याच घाटात धरतो.

सिलिंडरला एक्झॉस्टचे दोन मार्ग असतात आणि दोन सायलेन्सर. या मार्गांत आणि सायलेन्सरच्या आतल्या जाळीत काजळी साचून दगडासारखी होते. इंजिन नवे करून सायलेन्सर तसेच बसवले, तर धाप लागलेल्या माणसाच्या नाकाला चिमटा लावल्यासारखे होते.

आजचे इथेनॉल मिसळलेले पेट्रोल या गाडीला चालते का?

चालते, पण गाडी त्यासाठी तयार करावी लागते. आता पंपावर सर्रास मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतील ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबराला मऊ करते. पेट्रोलची नळी, कॉकमधील वॉशर आणि कार्ब्युरेटरच्या सुईचे रबरी टोक नवे आणि इथेनॉल सोसणारे बसवावे. इथेनॉलमुळे त्याच जेटवर (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण थोडे पातळ होते, म्हणून मी मेन जेट एक माप मोठा लावला आणि प्लगचा रंग पाहून निर्णय पक्का केला. लांब अंतर चालवून, इंजिन एकदम बंद करून प्लग काढला असता त्याच्या पांढऱ्या चिनी मातीच्या टोकाला दुधाच्या चहाचा रंग आलेला असावा. पांढराफटक रंग म्हणजे मिश्रण पातळ आहे आणि प्रवास थांबवावा. काळा, ओला रंग म्हणजे पेट्रोल वाया जात आहे, पण निदान इंजिन सुरक्षित आहे.

टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे वंगण) पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. मी रनिंग-इनच्या, म्हणजे नवे भाग एकमेकांशी जुळेपर्यंत जपून चालवण्याच्या काळात लिटरला ५० मिली आणि नंतर ४० मिली घालतो. पंपावर ऑइल मिसळून देणारी यंत्रे आता क्वचितच दिसतात, त्यामुळे मापाची बाटली जवळ बाळगावी. ऑइल आधी टाकून त्यावर पेट्रोल भरावे, म्हणजे पेट्रोलच्या धारेने ते आपोआप ढवळले जाते.

टाकीतील गंज कसा काढावा?

वरवरचा गंज असेल तर व्हिनेगर भरून दोन दिवस ठेवावे, मग मूठभर छोटे नट टाकून टाकी हलवावी आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन ताबडतोब कोरडी करावी. आत टाकलेले नट मोजून टाकावेत आणि मोजूनच बाहेर काढावेत. टाकीला छिद्र असेल आणि वेल्डिंग लागणार असेल, तर रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते हे ध्यानात ठेवावे, कारण आतली वाफ पेटते. हे काम टाकी नीट धुऊन, पाणी भरून काम करणाऱ्या अनुभवी माणसाकडेच द्यावे.

सहा व्होल्टची वायरिंग बदलून बारा व्होल्ट करावी का?

मी केली नाही. सहा व्होल्टची बदनामी बरीचशी जुन्या, गंजलेल्या जोडण्यांमुळे झालेली आहे. व्होल्टेज कमी असले की तेवढ्याच कामाला करंट जास्त लागतो, आणि प्रत्येक सैल किंवा हिरवट पडलेल्या टोकावर त्यातला काही भाग उष्णतेत जातो. नवी, थोडी जाड वायर, घासून स्वच्छ केलेले अर्थिंग, डायनामोचे नवे कार्बन ब्रश आणि चांगली बॅटरी एवढ्यावर माझ्या गाडीचा दिवा पुरेसा लागतो. ‘पुरेसा’ म्हणजे गावात पुरेसा. घाटात रात्री या दिव्यावर विसंबू नये, आणि म्हणूनच माझे सर्व प्रवास सूर्यास्ताआधी संपतात.

पॉइंटमधील (करंट तोडून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कातील) फट ०.३ ते ०.४ मिमी ठेवावी आणि त्यानंतरच टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, जुळवावे, कारण फट बदलली की टायमिंगही सरकते. टायमिंग पिस्टन वरच्या टोकापासून किती मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडतो यावर मोजतात. ते कानाने जुळवणारे उस्ताद आहेत, तरीही गेज लावून तपासावे. कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा छोटा भाग) नवा घेतला तरी जुना चालू कंडेन्सर टूलबॉक्समध्ये ठेवावा. नवा चांगलाच निघेल याची खात्री नसते, जुन्याने स्वतःला सिद्ध केलेले असते.

सुटे भाग कोठे मिळतात?

रबरी भाग, केबल, पॅकिंग, क्लच प्लेट, पिस्टन हे नव्याने तयार होतात आणि पुणे, मुंबई, दिल्लीतील करोलबाग येथील दुकानांत मिळतात. दर्जा मात्र कमीअधिक असतो. मूळ भागांसाठी पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार धुंडाळावा लागतो. तिथे जाताना आपला जुना भाग खिशात घेऊन जावे, नुसते नाव सांगून मागितलेला भाग घरी आल्यावर दुसऱ्याच मॉडेलचा निघतो. जावाची चाके १६ इंची, रोडकिंगची १८ इंची. टायर कोणताही घेतला तरी त्यावरचे चार आकडे पाहावेत, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला ‘नवा’ टायर हा जुनाच टायर असतो.

रंग आणि क्रोम मूळचे ठेवावे की नवे करावे?

मूळ रंग सत्तर टक्के टिकून असेल तर त्याला हात लावू नये, एवढेच मी ठामपणे सांगेन. मरून टाकीवरील हस्तिदंती रेघ मूळ हाताने ओढलेली असते आणि तिची किंचित थरथर हीच तिची ओळख असते, स्टिकरची रेघ दुरूनही कळते. माझ्या गाडीचा रंग कोणीतरी आधीच निळा करून ठेवला होता, त्यामुळे निर्णय सोपा झाला. रंग बदलणार असाल तर तो आरसीवरील नोंदीशी जुळतो की नाही ते पाहावे. क्रोमचे सगळे टिकणे त्याखालच्या निकेलच्या थरावर अवलंबून असते. ‘किती दिवसांत द्याल’ असे विचारण्याऐवजी ‘निकेल किती वेळ ठेवता’ असे विचारले, तर समोरचा माणूस कामाचा आहे की नाही ते उत्तरातूनच कळते.

नवीन चालकाला ही गाडी चालवणे अवघड जाते का?

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गिअर आणि किक यांचा लिव्हर एकच असून तो डाव्या बाजूला आहे. तोच आत दाबून उभा फिरवला की किक होते. दुसरे म्हणजे गिअर बदलताना पायाच्या दाबानेच क्लच थोडा सुटतो, त्यामुळे सरावलेले लोक हात न लावता गिअर टाकतात. हे कौतुक मित्रांना दाखवण्यापुरते ठीक आहे, पण त्याची सवय लावू नये. थंड इंजिन सुरू करताना कार्ब्युरेटरवरील टिकलर (जादा पेट्रोल आणणारे बटण) पेट्रोल डोकावेपर्यंत दाबावा. गरम इंजिनाला मात्र तो दाबला की प्लग ओला होतो आणि भर चौकात दहा किका माराव्या लागतात.

रनिंग-इन किती आणि कसे करावे?

मी पहिले १,००० किमी धरतो. पहिल्या ५०० किमीत ताशी ४० ते ४५ च्या पुढे जात नाही. मात्र संथ चालवणे म्हणजे जड गिअरमध्ये कुथवत चालवणे नव्हे, चढावर गिअर लवकर उतरवावा आणि इंजिनाला मोकळे फिरू द्यावे. एकाच वेगाने तासभर चालवण्यापेक्षा वेग कमी-जास्त करत राहावे. पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापून थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा एकदा तिरक्या क्रमाने आवळावेत. पहिल्या २०० किमीनंतर गिअर ऑइल बदलावे. क्लच याच तेलात असल्यामुळे भलत्या मिश्रणाचे महागडे कार ऑइल घातले की क्लच घसरू लागतो.

पहिल्या लांबच्या प्रवासासाठी कोणता मार्ग निवडावा?

ज्या मार्गावर दर दहा-पंधरा किलोमीटरला गाव आणि सावली आहे असा. मी पुणे, शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाट्यावरून वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर असा सुमारे १२० किमीचा मार्ग निवडला आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत आलो. या मार्गाला सपाट महामार्ग, लांब चढण आणि तीव्र उतार असे तिन्ही प्रकार मिळतात, आणि गाडी बंद पडलीच तर वाई किंवा शिरवळहून टेम्पो करून आणता येते. नवख्याने मुंबईहून निघताना हे विसरू नये की द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे जुन्या महामार्गाने बोरघाट चढावा लागतो.

सकाळी सहाला निघालो. थंड हवेत इंजिन सुखी असते आणि महामार्गावर ट्रकची गर्दी कमी असते. दर ४० किमीवर, गरज वाटो न वाटो, पंधरा मिनिटे थांबलो. पहिल्या थांब्यावर उजव्या फुटरेस्टचा नट हाताने फिरत होता, दुसऱ्यावर सायलेन्सरचा क्लिप सैल झाला होता. नवीन बांधलेल्या गाडीत हे होणारच, म्हणून थांबा चहासाठी घेतला तरी हातात पाना असावा. महामार्गावर ताशी ५५ ते ६० हा वेग या गाडीला शोभतो. मागून येणाऱ्यांना तो पसंत नसतो, त्यांना पुढे जाऊ द्यावे.

पसरणी घाट दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. अर्ध्या चढणीवर इंजिनाचा आवाज किंचित कोरडा वाटू लागला, म्हणून वळणावर थांबून कृष्णेचे खोरे पाहत वीस मिनिटे बसलो. आवाज खरोखर बदलला होता की माझ्या मनाची भीती होती, ते आजही सांगता येणार नाही, पण अशा वेळी भीतीचे ऐकावे.

घाट उतरताना इंजिन ब्रेक वापरावा का?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण फोर-स्ट्रोक गाडीवर लागलेली सवय येथे नुकसान करते. या इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमधूनच. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद करून दुसऱ्या गिअरमध्ये उतरत गेले, तर इंजिन जोरात फिरते पण पेट्रोल जवळजवळ येत नाही, म्हणजेच ऑइलही येत नाही. लांब उतारावर पिस्टन धरतो तो यामुळे. म्हणून उतरताना दर काही सेकंदांनी क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटर थोडा उघडावा आणि सोडावा, म्हणजे सिलिंडरला ताजे ऑइल मिळत राहते.

वेग रोखण्याचे काम मग ब्रेकवरच येते, आणि ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवले तर तापून निकामी होतात. वळणाआधी दोन्ही ब्रेक एकत्र, जोराने आणि थोडा वेळ लावावेत, मग सोडून ड्रमला थंड होऊ द्यावे. ब्रेक शूवर नवे लायनर लावले असतील तर घाटाला जाण्याआधी ते किमान शे-दोनशे किलोमीटर वापरून ड्रमशी पूर्ण टेकलेले असावेत. जुने लायनर घासताना किंवा ड्रम साफ करताना धूळ फुंकू नये, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावे.

वाटेत पिस्टन धरला तर काय करावे?

आवाज बदलून गाडी मागून कोणी ओढल्यासारखी वाटली की त्याच क्षणी क्लच दाबावा. डावा हात क्लचवर ठेवून चालवण्याची जुन्या लोकांची सवय याचसाठी होती. बाजूला थांबून अर्धा तास इंजिन आपोआप थंड होऊ द्यावे. त्यावर पाणी ओतू नये, तापलेल्या लोखंडाला तडा जातो. नंतर प्लग काढून चमचाभर टू-टी ऑइल सिलिंडरमध्ये सोडावे आणि लिव्हर हाताने हलकेच फिरवून पाहावा. मोकळा फिरला तर प्लग लावून सावकाश जवळच्या गावापर्यंत जावे, पण पुढचा प्रवास रद्द समजावा. घरी आल्यावर सिलिंडर उघडून ओरखडे पाहावेत आणि मुख्य म्हणजे कारण शोधावे. कारण न शोधता केलेले नवे बोअरही तसेच धरते.

बरोबर काय घ्यावे?

प्लग दोन, कारण टू-स्ट्रोकमध्ये प्लगच्या टोकांमध्ये काजळीचा दोरा अडकून तो अचानक बंद पडतो. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल, पॉइंट, कंडेन्सर, चेन लॉक, ट्यूब, टायर लिव्हर, पंप, फ्यूज, बल्ब, तांब्याची तार, एम-सील, प्लग पाना, मोजमापाची बाटली आणि एक लिटर टू-टी ऑइल. कागदपत्रांच्या मूळ प्रती नकोत, डिजिलॉकरमधील प्रत चालते. मात्र जुनी नोंद वाहन प्रणालीवर चढलेली असेल तरच ती तिथे दिसेल.

खर्च आणि वेळ किती लागतो?

माझा अंदाज दुपटीने चुकला आणि वेळ सहा महिने धरला होता तो चौदा लागला. इंजिनाचा खर्च बहुधा अंदाजात राहतो, क्रोम, रंग आणि ‘एवढे केलेच आहे तर हेही करू’ ही वाक्ये राहत नाहीत.

प्रवासाहून परत आल्यावर गाडीचे काय करावे?

घर दोन किलोमीटरवर आले की पेट्रोलचा कॉक बंद करावा, म्हणजे दारात पोहोचेपर्यंत कार्ब्युरेटर रिकामा होतो आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल आत राहून जेट तुंबत नाही. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर सगळे नटबोल्ट पुन्हा आवळावेत, गिअर ऑइलची पातळी पाहावी आणि प्लगचा रंग वहीत तारखेसह लिहून ठेवावा. चेन पूर्ण झाकलेल्या पेटीत असल्यामुळे तिचा विसर पडतो, ती रबरी झाकण काढून एकदा तपासावी. माझ्या पहिल्या प्रवासानंतर ती बोटभर सैल निघाली होती.